मुलांच्या यादीतलं जास्तीचं अक्षर

१४ फेब्रुवारी १९८८, रविवार, सकाळी साडेदहा. रक्कम रुपये पाचशे. हजर: आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाचे अध्यक्ष, त्यांची सून, टायपिंग इन्स्टिट्यूट चालवणारे उपाध्यक्ष, आणि खजिनदार म्हणून मी. चिवडा अध्यक्षांच्या घरचा होता, म्हणून तो खर्चात धरलेला नाही.

पाचशे रुपये मंजूर झाले ते लग्नं कंप्युटरवर जुळवण्यासाठी. तोवर मंडळाची लग्नं माझ्या घरच्या लोखंडी कपाटात जुळत. दोन फायली होत्या, एक मुलांची आणि एक मुलींची. रविवारी आईबाप यायचे, बोटाला थुंकी लावून फॉर्म उलटायचे, आणि एखादा आवडला की माझं लक्ष चहाकडे असताना तो फाडून घेऊन जायचे. त्यामुळे चांगली स्थळं वर्षभर कुणाच्या तरी शर्टाच्या खिशात फिरत आणि फायलीत उरत ती उरलेली. त्या वर्षी उरलेल्यांत नवे मिळवून मुलांचे १८७ आणि मुलींचे २१४ फॉर्म झाले होते.

त्या २१४ मधला एक माझ्या धाकट्या बहिणीचा. वय सत्तावीस, उंची एकशे पासष्ट सेंटिमीटर, शाळेत गणिताची शिक्षिका. वडील गेल्यावर आई आणि ती प्रताप नगरात माझ्याकडेच राहायच्या. तोवर तिनं नऊ स्थळं नाकारली होती आणि चार स्थळांनी तिला. ती माझ्याकडे राहते याचा मला काही त्रास नव्हता. तिला होता. पुतण्यांचा अभ्यास घ्यायचा, वहिनीच्या मर्जीनं रेडिओ लावायचा आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवर आपला कोपरा धरून राहायचं, याला ती कंटाळली होती. तिला स्वतःचं घर हवं होतं आणि त्या घरात जो माणूस असेल तो आपण निवडलेला हवा होता. ही दुसरी अट आमच्याकडे कुणाला कळत नसे.

आमच्यात लग्नाच्या बोलण्यात पहिला प्रश्न देवकाचा. प्रत्येक घराण्याचं एक देवक असतं, कुणाचं उंबर, कुणाचं कळंब, कुणाचं मोरपीस. दोन्ही घरांचं देवक एक निघालं की मुलगा आणि मुलगी भाऊबहीण ठरतात, मग त्यांच्या सात पिढ्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसलं तरी. पगार त्यानंतर, उंची त्यानंतर, आणि रंगाचं बोलणं चहा आल्यावर.

अध्यक्षांची सून एका कंपनीच्या कंप्युटर विभागात होती. तिच्या साहेबांनी ऑफिस सुटल्यावर मशीन वापरायची परवानगी दिली होती. वय, उंची, शिक्षण पाहून जोड्या लावायच्या आणि देवक सारखं असेल ती जोडी सोडून द्यायची, असा प्रोग्राम ती लिहिणार होती. प्रश्न राहिला चारशे एक फॉर्म टाइप कोण करणार याचा. उपाध्यक्षांच्या इन्स्टिट्यूटमध्ये बावीस टाइपरायटर होते आणि नुकताच घेतलेला एक कंप्युटर. ते म्हणाले, "द्या सगळे माझ्याकडे. पंचाहत्तर पैसे फॉर्म."

"मुलांचे घ्या," अध्यक्ष म्हणाले. "मुलींचे फॉर्म तिथं जाणार नाहीत."

"काहून?"

"तुमच्याकडे दिवसभर पोट्टे बसून राहतात टायपिंगले. पोरींचं वय, उंची, वजन त्यायच्या हाती द्यायचं?"

"अन् पोट्ट्यायचं वजन पोरींनी पायलं तं चालते?"

"पोट्ट्यायचं वजन कोण पायते गा!"

असं ठरलं की मुलींची यादी सूनबाईंनी स्वतः आपल्या मशीनवर टाइप करावी आणि मुलांची इन्स्टिट्यूटनं करून फ्लॉपीवर द्यावी. सूनबाई एवढंच म्हणाल्या, "बाबा, दोन्ही याद्या एकाच मशीनवर झाल्या तर बरं. त्यांचं मशीन डॉसवर चालतं, आमचं युनिक्सवर."

"बाई, टाइप म्हणजे टाइप," अध्यक्ष म्हणाले. "ए इथंही ए, अन् तिथंही ए."

हे वाक्य मी इतिवृत्तात लिहून घेतलं. ते अजून आहे.

याद्यांचा तक्ता मी आखून दिला. एका माणसाला एक ओळ, एका ओळीत बहात्तर घरं, एका घरात एक अक्षर. नावाला तीस घरं, वयाला दोन, उंचीला तीन, याप्रमाणे, आणि शेवटची बारा घरं देवकाला. नाव लहान असेल तर उरलेली घरं मोकळी ठेवायची, पण ओळ बहात्तरचीच. देवक शेवटी ठेवायचं कारण एवढंच की छापील फॉर्मवर ते सही करण्याच्या जागेच्या वर, शेवटी होतं. दोन्ही ठिकाणी तक्त्याची एकेक प्रत दिली आणि दोघांनीही तो पाळला. इन्स्टिट्यूटला १८७ फॉर्मांचे १४० रुपये २५ पैसे दिले. पावती घेतली.

मार्चच्या चौथ्या आठवड्यात पहिली छपाई पाहायला आम्ही चौघं कंपनीच्या कंप्युटर विभागात गेलो. चपला-बूट बाहेर काढावे लागले. आत इतकं थंड होतं की उपाध्यक्षांनी गळ्यातलं उपरणं कानाला गुंडाळलं. इतक्या शिस्तीनं आमचे अध्यक्ष कुठल्या देवळात उभे राहिलेले मी पाहिले नाहीत.

प्रिंटर खडखडला आणि कागद बाहेर आला. ओळीत आधी मुलाची माहिती, त्याचं देवक, मग पुढे मुलीचं नाव आणि तिची माहिती, असं छापायचं ठरलं होतं. झालं ते असं की मुलाचं सगळं छापून झाल्यावर प्रिंटरचं डोकं धाडकन परत डाव्या टोकाला गेलं आणि मुलीचं नाव मुलाच्या नावावरच छापलं. पुढच्या ओळीत तेच. त्याच्या पुढच्या ओळीतही तेच. पानभर मुली मुलांच्या अंगावर.

"हे तं मुहूर्ताच्या आधीच सुरू झालं," उपाध्यक्ष म्हणाले.

"सूनबाई आहे इथं!" अध्यक्षांनी दरडावलं.

"म्हून तं हळू म्हटलं."

सूनबाई हसल्या नाहीत. त्या कागद उजेडात धरून पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रिंटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्यानं रिबन बदलली, डोकं पुसलं, एक कप कॉफी घेतली आणि प्रिंटर उत्तम असल्याचं लिहून दिलं. परिचय मेळावा ३ एप्रिलला होता, हातात दहा दिवस होते. मग सूनबाईंनी एकेक रकाना काढून छापून पाहिला आणि त्यांना आढळलं की मुलाचं देवक छापलं नाही तर बाकी सगळं नीट येतं.

"पण असं का होतं ते मला कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. "उपाय कळला आहे, कारण नाही. मला आठवडा द्या."

आम्ही दिला नाही. आणि इथं माझी चूक मी लिहून ठेवतो. देवकाचा रकाना काढावा असं मीच सुचवलं. कंप्युटर देवक पाहूनच जोडी लावणार असेल तर ते पुन्हा छापायचं कशाला? मुलाचं गेलं तर मुलीचंही जाऊ द्या, ओळ चोवीस अक्षरांनी लहान होईल, कागद वाचेल. तीन विरुद्ध एक मतानं ठराव पास झाला. लोकांच्या मनात शंका नको म्हणून मी बर्डीच्या बाजारातून अठरा रुपयांचा रबरी शिक्का करून आणला: 'देवक कंप्युटरने तपासले आहे.' प्रत्येक पानावर मी स्वतः मारला.

मेळाव्यात लोकांनी ती पानं प्रसादासारखी घेतली. प्रत्येक घराला आपापल्या मुलाचं किंवा मुलीचं पान. एकूण जोड्या १,३१२. आणि एक गोष्ट घडली जी आमच्या समाजात पूर्वी कधी घडली नव्हती: कुणी कुणाला देवक विचारलं नाही. एरवी बसमध्ये शेजारी बसलेल्यालाही विचारणारी माणसं, पण आता शिक्का होता.

बहिणीच्या पानावर अकरा नावं होती. तिनं ते जेवणाच्या टेबलावर ठेवून लाल पेन घेतलं, पेपर तपासावेत तसं.

"दादा, यातले चार पंचेचाळीस किलोच्या आत आहेत."

"मग?"

"मी छप्पन्न आहे. हे मला उचलून नाही, मला धरून चालतील."

आठ नावांवर तिनं काट मारली. उरलेल्या तिघांचे मूळ फॉर्म तिनं माझ्याकडून मागितले, पण मी कपाटाची किल्ली ऑफिसात विसरलो होतो, म्हणून अपेक्षांचे रकाने तेवढे आठवणीनं सांगितले. एकानं लिहिलं होतं, गोरी, गृहकृत्यदक्ष, नोकरी करणारी, नोकरी सोडण्यास तयार. दुसऱ्याचं असंच. तिसऱ्यानं लिहिलं होतं, 'मुलीने मला पाहून हो म्हणावे.'

"याला बोलाव," ती म्हणाली.

हा मुलगा एकतीस वर्षांचा, शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात व्यवस्थापक, तिथंच भाड्याची खोली. वडिलांची नरखेड तालुक्यात संत्र्याची बाग. पुढच्या रविवारी बापलेक मोटारसायकलवर आले. वडिलांच्या मांडीवर मोसंबीची पिशवी. बसता बसता ते मला म्हणाले, "देवकाचं तं कंप्युटरनं पायलंच हाये."

"पाहिलं आहे," मी म्हणालो आणि शिक्का दाखवला.

बहिणीनं पोहे आणून ठेवले नाहीत, ती येऊन समोरच्या खुर्चीवर बसली. आईनं डोळे वटारले. बहिणीनं मुलाला विचारलं, "गोदामातून रोज किती ट्रक निघतात?"

"मालक चाळीस सांगतात," तो म्हणाला. "सव्वीस निघतात."

"आणि तुम्ही किती सांगता?"

"विचारणाऱ्याले सव्वीस. मालकासमोर विचारलं तं मी चहा सांगायले जातो."

ते गेल्यावर बहीण मला म्हणाली, "दादा, मला हा चालेल." चौदावं स्थळ. चालेल हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. त्यानंतर दोघं दोनदा भेटले, एकदा आईसकट आणि एकदा आईला न सांगता. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता, म्हणून साखरपुडा लगेच आणि लग्न अधिक महिना संपल्यावर, जूनच्या शेवटी, असं बोलणं झालं.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सकाळी एक गृहस्थ माझ्या दारात आले. चपला न काढताच आत आले, यावरून प्रकरण गंभीर असल्याचं कळलं. त्यांनी शिक्का मारलेलं पान माझ्यापुढे आपटलं.

"हे वाचा."

मी वाचलं. मुलगा, वय एकोणतीस, बी.कॉम. त्याच्या पुढे मुलगी, वय चोवीस, बी.ए.

"जोडी वाईट नाही," मी म्हणालो.

"दोघंही माझीच पोरं हायेत!" ते ओरडले. "माझा पोरगा माझ्याच पोरीले दाखवून काहून राहिले तुम्ही? आडनाव एक, पत्ता एक, देवक एक! अन् वरून शिक्का!"

त्यांना पाणी दिलं, मग चहा दिला, मग मंडळाच्या वतीनं माफी मागितली. ते गेल्यावर कपाट उघडलं. सगळ्यात आधी मी दोनच फॉर्म काढले, वाडीच्या मुलाचा आणि माझ्या बहिणीचा. तिचं देवक मला माहीत होतं, माझंही तेच. कळंब. त्याच्या फॉर्मवर शेवटी, सहीच्या वर, निळ्या शाईत, वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: कळंब.

मी ते दोन्ही फॉर्म पालथे ठेवले आणि बाकीचे घेऊन बसलो. १,३१२ जोड्या एकेक करून तपासल्या. देवक सारखं असलेल्या जोड्यांवर पेन्सिलीनं फुली. दुपारच्या चहापर्यंत आकडा आला १६५. म्हणजे कंप्युटरनं देवक पाहिलंच नव्हतं.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर चपला काढून पुन्हा त्या थंड खोलीत गेलो. सूनबाईंनी प्रोग्राम पडद्यावर आणला आणि बोट ठेवलं. "भाऊजी, हे पाहा. दोन्ही देवकं सारखी असतील तर ही जोडी सोड, असं लिहिलेलं आहे."

"मग सोडत का नाही?"

"त्याला ती सारखी वाटत नाहीत. का वाटत नाहीत ते मला दिसत नाही. पडद्यावर दोन्ही कळंबच आहेत."

कंप्युटरमधलं मला काही कळत नव्हतं. मला एकच काम येतं, बेरीज जुळत नसेल तर दोन्ही बाजू मोजणं. मी विचारलं, "या याद्या किती मोठ्या आहेत, ते हे मशीन सांगतं का?"

"सांगतं. एकूण अक्षरं सांगतं." त्यांनी काहीतरी टाइप केलं. मुलींची यादी १५,६२२. मुलांची १३,८३९.

मी पाकिटातून कागद काढला. मुली २१४, ओळीला बहात्तर अक्षरं, म्हणजे १५,४०८. दोनशे चौदा जास्त.

"ते बरोबर आहे," सूनबाई म्हणाल्या. "ओळ संपली हे कळायला प्रत्येक ओळीच्या शेवटी एक खूण असते. ती दिसत नाही, पण मोजली जाते. बहात्तर आणि एक त्र्याहत्तर."

"मग मुलं १८७. त्र्याहत्तरनं गुणून होतात १३,६५१. तुमचं मशीन १३,८३९ म्हणतं. एकशे अठ्ठ्याऐंशी अक्षरं जास्त आहेत."

सूनबाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी भराभर एक आज्ञा टाइप केली आणि पडद्यावर अक्षरांऐवजी आकडेच आकडे आले, प्रत्येक अक्षराचा एक नंबर. मुलींच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी दहा. मुलांच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी तेरा आणि मग दहा.

"अगं बाई!" सूनबाईंनी कपाळावर हात मारला. "शेपूट राहिलं."

त्यांनी मला समजावलं ते मला अजून समजलेलं आहे, यावरून त्यांनी नीट समजावलं असणार. टाइपरायटरवर ओळ संपली की दोन कामं होतात: गाडी ढकलून परत डावीकडे न्यायची आणि रूळ फिरवून कागद एक ओळ वर सरकवायचा. डॉसचं मशीन या दोन्ही कामांची वेगवेगळी खूण ओळीच्या शेवटी लिहून ठेवतं. युनिक्सचं मशीन एकच खूण लिहितं आणि दोन्ही कामं त्यात धरतं. सूनबाईंचा प्रोग्राम युनिक्सच्या रीतीनं ओळीच्या शेवटची एक खूण कापायचा आणि उरेल ते देवक समजायचा. मुलींच्या यादीत उरायचं कळंब. मुलांच्या यादीत उरायचं कळंब आणि गाडी परत नेण्याची खूण. एक अक्षर जास्त, म्हणजे वेगळा शब्द, म्हणजे वेगळं देवक, म्हणजे लग्नाला हरकत नाही. १८७ मुलांपैकी एकाचंही देवक २१४ पैकी एकाही मुलीशी जुळणं शक्य नव्हतं. आमच्या समाजातलं सारख्या देवकाचं संकट त्या मशीननं कायमचं मिटवलं होतं.

आणि मुली मुलांच्या अंगावर छापल्या गेल्या तेही यामुळेच. मुलाचं देवक छापलं की त्याला चिकटलेली खूणही प्रिंटरला जायची, आणि प्रिंटर इमानानं गाडी डावीकडे न्यायचा. म्हणजे तो बिचारा पहिल्या दिवसापासून आम्हाला सांगत होता. आम्ही त्याची रिबन बदलली.

"एक राहिलं," मी म्हणालो.

"काय?"

"मुलं १८७. जास्तीची अक्षरं १८८."

सूनबाई यादीच्या अगदी शेवटी गेल्या. तिथं एकटाच सव्वीस नंबर होता. त्या म्हणाल्या, "यादी इथं संपली, अशी डॉसची खूण. आमचं मशीन ती मानत नाही. माझ्या प्रोग्रामनं तिला एक ओळ समजून वाचलं असणार."

म्हणजे यादीत एकशे अठ्ठ्याऐंशीवा मुलगा होता. नाव नाही, उंची नाही, शिक्षण नाही. वय शून्य असल्यामुळे त्याला कुणी मुलगी जुळली नव्हती, नाहीतर त्याच्याही पानावर मी शिक्का मारला असता.

सूनबाईंनी तिथंच प्रोग्राम बदलला. ओळीचं शेपूट आधी पाहायचं. एक खूण असो की दोन, असतील तेवढ्या कापायच्या. सव्वीस दिसला की थांबायचं. मग देवक वाचायचं. "आता यादी कुठल्याही घरून येवो," त्या म्हणाल्या. "मीच आधी असं लिहायला हवं होतं. दोन मशीन आहेत हे मला माहीत होतं." पुन्हा चालवल्यावर १,१४६ जोड्या आल्या. कमी झालेल्या १६६. मी हातानं काढलेल्या १६५. घरी जाऊन मी पुन्हा मोजलं. एक जोडी माझ्या फुलीतून सुटली होती, कारण तिचे फॉर्म मी पालथे ठेवले होते.

त्या आठवड्यात १६६ जोड्यांच्या दोन्ही घरांना पोस्टकार्डं गेली. स्वतःच्या घराला मी कार्ड टाकलं नाही. बहीण शाळेतून आल्यावर तिला सांगितलं, सव्वीस नंबरासकट सगळं. तिनं पर्स खुंटीला अडकवली. मग म्हणाली, "त्याचं कळंब आहे हे मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्या भेटीत विचारलं मी त्याला."

"आणि बोलली नाहीस?"

"तूच म्हणालास ना, कंप्युटरनं पाहिलं आहे?" ती म्हणाली. "दादा, चौदा स्थळांत एक माणूस मिळाला मला. तुमच्या झाडासाठी मी त्याला सोडणार नाही. तू मोडायला जाशील तर मी शाळेजवळ खोली घेईन, आणि इथं दिवाळीलाही येणार नाही."

आई आतून म्हणाली, "काय बोलते वं ही!" पण ती बाहेर आली नाही.

अध्यक्षांनी मोडा असंच सांगितलं. मंडळाच्या खजिनदाराच्या घरात असं लग्न झालं तर मंडळाला कोण विचारील? मी त्यांना म्हणालो की मुलींचे फॉर्म तुम्ही इन्स्टिट्यूटला जाऊ दिले असते तर दोन्ही याद्यांना सारखंच शेपूट आलं असतं, कळंब कळंबाशी जुळलं असतं, आणि हे स्थळ माझ्या घरी आलंच नसतं. ते म्हणाले, "म्हंजे चूक माझी?" मी म्हणालो, "एकट्याची नाही. शिक्का माझा."

यावर आम्ही सगळे अध्यक्षांच्या घरी बसलो. मुलाचे वडील नरखेडकडून एसटीनं आले. मुलानं त्यांना आधीच बजावलं होतं की दुसरी मुलगी पाहायला आपण येणार नाही. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "यात अडते काय? पोरीले तिच्या मामाले दत्तक द्या. मामाचं देवक कोणतं?"

"उंबर," मी म्हणालो.

"झालं तं. अर्धा घंटा ती उंबराची. मामानं कन्यादान करावं, संपला विषय. आमच्याकडं दोन लग्नं झाली अशी, दोन्हीकडं लेकरंबाळं हायेत."

"मंडळाच्या नियमात हे बसत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"तुमच्या यादीत बिनानावाचा, बिनावयाचा पोट्टा बसला म्हणतात," मुलाचे वडील म्हणाले. "माझी सून बसवा ना गा थोडी सरकून."

सूनबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्या या वेळी हसल्या. अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग चहाकडे पाहिलं, आणि म्हणाले की मंडळ या लग्नाला हजर राहणार नाही, पण ते स्वतः जेवायला येतील.

मामा वय वर्षं एकसष्ट, हाडकुळे, आणि माझ्याशी तीन वर्षं बोलणं बंद. कारण सांगण्यासारखं नाही, एका म्हशीचं होतं. आई त्यांच्या गावी जाऊन आली. निरोप आला की भाचीसाठी तयार आहेत, माझ्यासाठी नाहीत.

लग्नाच्या सकाळी मांडवाच्या मागच्या खोलीत दत्तकविधी झाला. मामा पाटावर मांडी घालून बसले. भटजींनी सांगितलं की मुलीनं मामाच्या मांडीवर बसायचं. बहिणीनं शालू सावरला आणि बसली. भटजी मंत्र लांबवणारे होते. मी घड्याळ पाहत होतो, अकरा मिनिटं झाली.

"आटपा गा भटजी," मामा म्हणाले. "पोरगी माझी झाली, पण पाय माझा राहिला नाही."

"मामा, मी उठू का?" बहीण म्हणाली.

"बस वं. उठली तं पुन्हा पहिल्यापासून म्हणतील हे."

बाराव्या मिनिटाला ती उंबराची झाली. पावणेबाराला मामांनी लंगडत लंगडत बोहल्यापाशी येऊन तिचं कन्यादान केलं, आणि मुलगी वाडीच्या खोलीवर राहायला गेली. जेवणं झाल्यावर मामा माझ्यापाशी आले आणि तीन वर्षांनी पहिलं वाक्य बोलले, "मांडी सुजली माझी."

दत्तकविधीची दक्षिणा एकवीस रुपये भटजींना दिली. मलमाचे चार रुपये साठ पैसे मामांना दिले.